हलका निवारा (पदभ्रमण)

हलका निवारा म्हणजे अनेक दिवसांच्या पदभ्रमणात पाठीवरील सॅकमधून वाहून नेता येणारा आणि मुक्कामाच्या जागी एकट्या माणसालाही थोड्या वेळात उभारता येणारा तात्पुरता आडोसा होय. तंबू, टार्प (एकेरी कापडाचे मोकळे छत), पिरॅमिड, बिव्ही (स्लीपिंग बॅगेवर चढवायची जलरोधक खोळ) आणि झोळी हे त्याचे मुख्य प्रकार आहेत. सॅक, स्लीपिंग बॅग व निवारा या तीन वस्तू पदयात्रीच्या सामानात सर्वांत जड असतात. त्यामुळे ओझे कमी करू पाहणारा प्रथम यांच्याकडेच वळतो. अन्न, पाणी व इंधन वगळून उरणाऱ्या वजनास मूळ वजन म्हणतात. ते २० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९ किलोंच्या आत असल्यास 'हलके' आणि १० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४.५ किलोंच्या आत असल्यास 'अतिहलके' पदभ्रमण म्हणण्याचा अमेरिकेतील संकेत आता इतरत्रही रूढ झाला आहे.

वारा, पाऊस, दव, थंडी, कीटक आणि सरपटणारे प्राणी यांपासून झोपलेल्या माणसाचे रक्षण करणे हे निवाऱ्याचे काम आहे. यांपैकी कशापासून रक्षण हवे हे प्रदेश व ऋतू यांवर ठरते. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरात उत्तम ठरलेला निवारा सह्याद्रीत किंवा हिमालयात तितकाच उपयोगी पडेल असे नाही.

शब्द

मराठीत निवाऱ्याच्या शब्दांची वाण नाही. तंबू, डेरा, राहुटी, शामियाना व पाल हे शब्द आकार आणि प्रतिष्ठा यांनुसार वेगवेगळे आहेत. पाल हा त्यांतला सर्वांत लहान व ठेंगणा. भटक्या जमातींच्या वस्तीला आजही 'पालं पडली' असे म्हणतात. तंबूच्या दोरीस तणावा, जमिनीत ठोकायच्या खुंटीस मेख, बाजूच्या पडद्यास कनात आणि छताच्या वरच्या आडव्या कडेस आढे म्हणतात. आजचे ट्रेकर मेखेस 'पेग' म्हणतात, पण जुने शब्द नेमके असल्याने या लेखात तेच वापरले आहेत.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात तंबू ही मुख्यतः सैन्याची आणि साहेबांच्या दौऱ्याची वस्तू होती. ती वाहायला बैल, उंट किंवा हमाल असत. स्वतःच्या पाठीवर तंबू नेण्याचा विचार आल्प्समधील गिर्यारोहणामुळे पुढे आला. १८६५ साली मॅटरहॉर्न प्रथम सर करणाऱ्या एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाने दोन्ही टोकांना कैचीसारखे खांब असलेला आणि तळाचे कापड शिवलेला तंबू तयार केला. तो मजबूत होता, पण हलका म्हणता येणार नाही. त्याच्यानंतरच्या पिढीतील आल्बर्ट ममरी याने वेगळाच मार्ग काढला. आरोहकाजवळ बर्फकुऱ्हाड असतेच, मग निराळे खांब कशाला वाहायचे, असा त्याचा विचार होता. त्याचा ठेंगणा तंबू बर्फकुऱ्हाडींवरच उभा राही. १८९५ साली नंगा पर्वतावर ममरी, रगोबीर व गोमन सिंग या दोन गुरखा साथीदारांसह नाहीसा झाला. त्याच्या नावाचा तंबू मात्र पुढेही वापरात राहिला. ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे आजचे तंबू याच कल्पनेचे वंशज आहेत.

हौशी लोकांमध्ये हलक्या तंबूचा प्रसार करण्याचे श्रेय थॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) याला दिले जाते. तो लंडनमधील शिंपी होता आणि कापड, शिवण व वजन यांचा हिशेब त्याला धंद्यामुळेच कळत होता. सायकलवर तंबू घेऊन त्याने आयर्लंडच्या कॉनेमारा भागात प्रवास केला. १९०१ साली सायकलवरून मुक्काम करणाऱ्यांची संघटना स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता आणि १९०८ साली त्याने या विषयावरील 'द कॅम्पर्स हँडबुक' हे पुस्तक प्रसिद्ध केले.

निवारा गमावणे म्हणजे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण अंटार्क्टिकातील आहे. जुलै १९११ मध्ये, तेथील ऐन हिवाळ्याच्या काळोखात, स्कॉटच्या मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स व अ‍ॅप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले होते. त्यांनी दगडांची खोपी रचून तिच्यावर कापडाचे छत घातले होते आणि तंबू शेजारी उभा केला होता. हिमवादळात प्रथम तंबू उडाला, नंतर छतही फाटून गेले. तिघे उघड्यावर स्लीपिंग बॅगांत पडून राहिले. वादळ ओसरल्यावर तंबू उताराच्या खाली सुस्थितीत सापडला, म्हणूनच ते परत येऊ शकले. चेरी-गॅरार्डने १९२२ साली लिहिलेल्या 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर आला आहे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण एमा गेटवूड या अमेरिकन बाईंचे. १९५५ साली वयाच्या ६७व्या वर्षी त्यांनी सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची अ‍ॅपलाशियन वाट एकटीने पूर्ण केली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायांत कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातील प्लॅस्टिकचा पडदा एवढाच त्यांचा सरंजाम होता. या वाटेवर ठिकठिकाणी तीन बाजूंनी बंद अशा लाकडी पडव्या आहेत आणि वाटेतील गावकऱ्यांनीही त्यांना आसरा दिला, ही गोष्ट त्यांचे उदाहरण देताना विसरली जाते.

नायलॉन आणि अल्युमिनियमच्या लवचीक नळ्या आल्यावर तंबूचा आकार बदलला. १९७५ साली 'द नॉर्थ फेस' या कंपनीने बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटरचनेवरून स्फूर्ती घेऊन 'ओव्हल इन्टेन्शन' हा तंबू बाजारात आणला. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींमुळे तो मधल्या खांबाशिवाय उभा राही. आज दुकानात दिसणारे बहुतेक घुमटाकार तंबू याच पंथातले. १९९२ साली रे जार्डीन यांनी पॅसिफिक क्रेस्ट वाटेवरील आपल्या पुस्तकात तंबूऐवजी साधा टार्प वापरण्याचा आग्रह धरला आणि त्यातून अतिहलक्या पदभ्रमणाची चळवळ वाढली. जार्डीन यांचे प्रशिक्षण विमानविद्येतील अभियंत्याचे होते. प्रत्येक वस्तू तोलून पाहण्याची सवय तिथलीच असावी.

कापड

कापडाची जाडी डेनियर या एककात सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनियर. जाड तंबूचे कापड ७० डेनियर किंवा अधिक असते, तर हलक्या तंबूचे १० ते ३० डेनियर. विरळ अंतराने जाड धागे विणून चौकटी केलेल्या कापडास रिपस्टॉप म्हणतात. त्यात पडलेली फाट पुढच्या चौकटीपाशी अडते.

नायलॉनवर दोन्ही बाजूंनी सिलिकोन चढवले की सिलनायलॉन होते. ते वजनाच्या मानाने चिवट असते. त्याचा दोष असा की नायलॉन ओलावा शोषते आणि भिजल्यावर सैल पडते. संध्याकाळी ताठ लावलेला तंबू मध्यरात्री लोंबू लागतो आणि झोपलेल्याला उठून तणावे ओढावे लागतात. पॉलिएस्टरवर सिलिकोन चढवलेले कापड सैल पडत नाही, मात्र त्याच वजनात ते फाटण्यास काहीसे कमी प्रतिकार करते. ओल्या प्रदेशात हा सौदा फायद्याचा म्हणावा लागेल. सिलिकोनवर चिकटपट्टी बसत नसल्याने अशा कापडाच्या शिवणी पातळ केलेल्या सिलिकोनने हाताने बुजवाव्या लागतात. काही उत्पादक हे काम ग्राहकावर सोडतात.

स्वस्त तंबूंच्या कापडावर आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. तो उत्पादनास सोपा व शिवणींवर पट्टी बसवण्यास सोयीचा आहे, पण दमट हवेत काही वर्षांत त्याचे विघटन होते. लेप चिकट होतो, पापुद्रे सुटतात आणि आंबूस वास येतो. कोकणात किंवा मुंबईत माळ्यावर घडी करून ठेवलेल्या तंबूची ही ठरलेली गत आहे.

डायनिमा कंपोझिट हे सर्वांत हलके व सर्वांत महाग कापड. ते विणलेले नसते. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचे तंतू पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यांमध्ये दाबून ते तयार करतात. पूर्वी त्यास क्यूबेन फायबर म्हणत. हे नाव १९९२ साली अमेरिकाज कप जिंकणाऱ्या 'अमेरिका क्यूब्ड' या शिडाच्या नौकेवरून आले. त्याचे दर चौरस मीटरचे वजन १७ ते ३० ग्रॅमच्या आसपास असते. ते पाणी शोषत नाही आणि ताणल्यावर लांबत नाही. मात्र घड्यांवर व घासण्याने झिजते आणि उष्णतेने लवकर वितळते.

जलरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर पाणी झिरपू लागते, त्याची ती उंची. पावसासाठी १,५०० मिलिमीटर पुरेसे समजतात. जमिनीच्या कापडाला याहून अधिक हवे, कारण गुडघा किंवा कोपर टेकताच ओल्या जमिनीतील पाणी जोराने वर दाबले जाते.

आतील दव

'तंबू गळतो' ही तक्रार पुष्कळदा खोटी असते. श्वास व त्वचा यांतून माणूस रात्रभर वाफ बाहेर टाकतो. निरभ्र रात्री तंबूचे बाहेरचे कापड आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर आतून ही वाफ साचते. पहाटे कापडाला डोके लागले की थेंब अंगावर पडतात. दुहेरी तंबूत आतील जाळीमुळे माणूस ओल्या कापडापासून दूर राहतो. एकेरी तंबूत तसे अंतर नसते. तिथे वजन वाचते आणि त्याची किंमत सकाळी पुसण्याच्या फडक्याने चुकवावी लागते. यावर उपाय वायुवीजनाचा. पाऊस नसल्यास दारे उघडी ठेवावीत. असल्यास निदान खालची कड जमिनीपासून थोडी वर व माथ्याची खिडकी उघडी असावी. दरीच्या तळाशी व पाणवठ्यालगत थंड, दमट हवा साठते. थोडे उंचावर, झाडोऱ्याच्या आडोशाला दव कमी पडते.

प्रकार

दुहेरी घुमटाकार तंबू सर्वांत परिचित आहे. तो मेखांशिवायही उभा राहतो. दोघांसाठीचा साधा तंबू २.५ ते ४ किलो, तर हलका १.२ ते १.८ किलो भरतो. बहुतेकांमध्ये आतील भाग आधी व छत नंतर लावावे लागते. भर पावसात याचा अर्थ आतले अंथरूण आधीच भिजणे असा होतो. छत आधी किंवा दोन्ही एकदम लागणारे तंबू पावसाळी प्रदेशासाठी अधिक योग्य आहेत. खरेदीच्या वेळी हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

बोगद्याच्या आकाराच्या तंबूत कमानी समांतर असतात. वजनाच्या मानाने त्यात जागा भरपूर मिळते, मात्र तो मेखांवाचून उभा राहत नाही आणि त्याचे निमुळते टोक वाऱ्याकडे ठेवावे लागते.

ट्रेकिंग पोलवर उभारायचे एकेरी तंबू ५०० ते ९०० ग्रॅमपर्यंत असतात. काठ्या हातात असतातच, त्यामुळे वेगळे खांब लागत नाहीत. पिरॅमिड हा याच कुळातला. एका मध्यखांबावर चारी बाजूंनी उतरत्या कनाती असल्याने वारा कोणत्याही दिशेने आला तरी तो झेलतो. झोपताना खांब मध्ये येतो, ही त्याची अडचण.

टार्प २०० ते ५०० ग्रॅमचा असतो. तो कधी उंच, कधी ठेंगणा, कधी एका बाजूने जमिनीला टेकवून लावता येतो. हे कौशल्य घरच्या अंगणात शिकावे लागते. बिव्ही एकट्या आरोहकासाठी आहे. तीत पावसात दिवस काढणे जिकिरीचे असते. झोळीला दोन भक्कम झाडे हवीत. ओल्या, उताराच्या जंगलात ती सुखाची असते, मात्र पाठीखालून लागणारी थंडी मॅट किंवा रजई लावल्याशिवाय रोखली जात नाही.

सह्याद्री व हिमालय

परदेशी पुस्तके वाचून निवारा निवडणाऱ्याने पुढील फरक ध्यानात घ्यावेत.

पहिला फरक जमिनीचा. सह्याद्रीच्या माथ्यांवर बसाल्ट खडकावर मातीचा पातळ थर असतो, तर कोकणातील सड्यांवर जांभा दगड उघडा असतो. मेख दोन बोटे जाते आणि वाकते. केवळ मेखांच्या ताणावर उभे राहणारे निवारे इथे अडचणीचे ठरतात. तणाव्याला आडवी काठी बांधून तीवर मोठे धोंडे रचणे हा उपाय आहे. त्यासाठी प्रत्येक कोपऱ्याला हातभर जादा दोरी ठेवावी. मेखांशिवाय उभा राहणारा घुमटही धोंड्यांनी जखडलाच पाहिजे, नाहीतर तो सामानासकट घरंगळतो.

दुसरा फरक वाऱ्याचा. घाटमाथ्याच्या कड्यावर वारा खालून वर येतो. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे वर उडताना दिसते ते यामुळेच. अशा ठिकाणी पाऊस फक्त वरून पडेल हे गृहीतच चुकीचे. टार्पच्या मोकळ्या कडेखालून तो आत शिरतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी काठापासून बरेच आत, उंचवट्याच्या आड तंबू लावणे शहाणपणाचे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि उभारताना बऱ्या वाटलेल्या मेखा तेव्हा उपटून येतात.

तिसरा आणि सर्वांत गंभीर फरक जमिनीवरील जीवांचा आहे. तळ नसलेला टार्प ही कल्पना प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील उंच, थंड वाटांवर रुजली. आपल्याकडे मण्यार हा अत्यंत विषारी निशाचर साप जमिनीवर झोपलेल्या माणसास चावतो. त्याच्या दंशाने फारशी वेदना वा सूज येत नसल्याने झोपलेल्याला पुष्कळदा कळतही नाही, आणि काही तासांत श्वसनाचे स्नायू लुळे पडू लागतात. कोकणात फुरसे व लाल विंचूही आहेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून देण्यापूर्वी तो दंश कितीतरी जणांच्या जिवावर बेतत असे. त्यामुळे सह्याद्रीच्या पायथ्याशी व कमी उंचीवर शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी जाळी यांवर वजन वाचवू नये. टार्प आवडत असल्यास त्याखाली तळासह जाळीची खोली टांगावी. तिचे वजन २५० ते ५०० ग्रॅम भरते. रात्री बाहेर जाऊन आल्यावर चेन पूर्ण लावली आहे ना हे पाहणे आणि बूट आत घेणे या दोन सवयी कोणत्याही कापडापेक्षा मोलाच्या आहेत.

हिमालयात जास्त उंचीवर साप-विंचवांची भीती बरीच कमी होते. तिथे गारा, ओले बर्फ आणि दुपारनंतरचा वारा यांचा विचार करावा लागतो. छतावर साचलेल्या बर्फाच्या भाराने सपाट माथा दबतो, म्हणून उतरत्या कनाती हव्यात आणि रात्री उठून आतून बर्फ झटकावे लागते. उंचीवरील उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन लवकर जीर्ण होते. दिवसभर तंबू उभा ठेवण्याची हौस त्याचे आयुष्य कमी करते.

सह्याद्रीत आणखी एक पर्याय पूर्वापार आहे: किल्ल्यावरील लेणी, देवळे आणि पायथ्याच्या गावातील पडवी. हरिश्चंद्रगडावरील गुहांत पिढ्यान्‌पिढ्या भटक्यांनी रात्री काढल्या आहेत. मात्र तो परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्ये व संरक्षित किल्ले येथील मुक्कामाचे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.

वजनाचे आकडे

तंबूच्या पाटीवर बहुधा दोन वजने असतात. किमान वजनात फक्त आतील भाग, छत व कमानी धरतात. मेखा, तणावे, पिशवी व दुरुस्तीची नळी वगळतात. पूर्ण वजन सर्व वस्तूंचे असते. दोहोंत २०० ते ४०० ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि मेखा घरी ठेवून कोणी ट्रेकला जात नाही. तंबू घरी आणल्यावर स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून पाहावा हे उत्तम. तुलना करताना वजनास माणसांच्या संख्येने भागावे: १.६ किलोचा दोघांचा तंबू माणशी ८०० ग्रॅम पडतो, आणि तो एक किलोच्या एकट्याच्या तंबूपेक्षा हलका ठरतो.

'दोन माणसांचा' या शब्दांवरही विसंबू नये. साधी मॅट सुमारे ५१ सेंटिमीटर रुंद असते, तर रुंद मॅट ६४. दोन रुंद मॅट लागतील तर आतली रुंदी निदान १३० सेंटिमीटर हवी, आणि बऱ्याच हलक्या तंबूंची पायाकडची बाजू निमुळती असते. उंच माणसाने दुकानातच आत आडवे होऊन डोके व पाय कापडाला लागतात का ते पाहावे.

धोके

बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवणे जिवावर बेतते. अपुऱ्या हवेत जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे व सुस्ती ही लक्षणे उंचीच्या त्रासासारखीच असल्याने ती ओळखली जात नाहीत. त्याशिवाय नायलॉन पेटत्या थेंबांनी वितळते. स्वयंपाक बाहेर करावा. वादळात अगदीच नाइलाज झाला तर ओसरीत, दार उघडे ठेवून.

तंबू विजेपासून रक्षण करीत नाही. गडगडाट जवळ आल्यास माथा, सोंड व एकाकी झाड सोडून खाली उतरावे. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा रात्री खाली येतो. कड्याच्या पायथ्याशी ताजे पडलेले दगड, वर वाळलेली फांदी आणि आग्यामोहोळ या तिन्ही गोष्टी उजेड असतानाच पाहून घ्याव्यात. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवतात वणव्याची भीती असते.

थंडीने मरण्यासाठी बर्फ लागत नाही. १० अंश सेल्सियस तापमानात भिजलेले अंग आणि वारा एवढे पुरेसे असते. पावसाळी ट्रेकला 'एका दिवसाचाच आहे' म्हणून काहीच निवारा न नेणाऱ्या गटाने निदान एक टार्प आणि दोरी जवळ ठेवावी. वाट चुकून रात्र काढावी लागल्यास तेवढ्यानेही वारा अडतो.

देखभाल

ओला तंबू पिशवीत कोंबून आणावाच लागतो, पण घरी पोचताच तो सावलीत पसरून वाळवावा; दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. धुताना यंत्र वापरू नये. कोमट पाणी व सौम्य साबण पुरतो. ठेवताना घट्ट घडी न करता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावा. घड्या एकाच रेषेवर पडल्यास लेप तिथेच फुटतो, म्हणून तो दर वेळी वेगळा गुंडाळावा. चेन अडू लागण्याचे कारण बहुधा धूळ असते. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ती काढता येते. सोबत कमान जोडण्याची नळी, चार हात दोरी, कापडाचे चिकट ठिगळ आणि सुई-दोरा ठेवल्यास ५० ग्रॅमच्या आसपास वजन वाढते. सिलिकोन लावलेल्या कापडावर साधे ठिगळ चिकटत नाही, त्यासाठी सिलिकोनचेच घ्यावे लागते.